उंटाला सोलापूरचे ऊन सोसते, मग काय सोसत नाही?

सीनाकाठ (धागाकर्ते)

गेल्या मे महिन्यातील एका संध्याकाळची गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना तिऱ्ह्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची शेतजमीन आहे. त्या दिवशी पारा ४३ अंशांवर गेला होता आणि सूर्य कलला तरी जमिनीतून धग निघत होती. बांधापलीकडच्या पडीक रानात एक कुटुंब दोन उंट घेऊन उतरले होते. जत्रा-उरुसांतून लहान मुलांना उंटावर फिरवून पोट भरणारी ती माणसे होती. त्यांच्यातील म्हातारे गृहस्थ रिकामा डबा घेऊन आमच्या विहिरीवर आले, तेव्हा कळले की रस्त्यावरच्या दोन ठिकाणांहून ते तसेच परत आले होते. माणसांना प्यायला कळशीभर न्या, असे त्यांना सांगण्यात आले. पण उंटाला पाणी कशाला, त्याच्या पाठीत महिन्याचे पाणी भरलेले असते, असेही सांगण्यात आले.

हे बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावे लागते, आणि उंटाच्या पाठीवर पाण्याची टाकी असते ही समजूत मलाही शाळेतच मिळाली होती.

मी मोटार चालू केली, पण वीज गेली, म्हणून टाकीतले पाणी पंधरा लिटरच्या बादलीने हौदात ओतू लागलो. मोठा नर आधी आला. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि मागच्या पायांपुढची कूस आत ओढली गेली होती. त्याने दुभंगलेला वरचा ओठ पाण्याला नुसता टेकवला आणि आवाज न करता पाणी ओढायला सुरुवात केली. मान खाली असल्यामुळे एकेक घोट गळ्यातून वरच्या दिशेने सरकताना स्पष्ट दिसत होता. पाच बादल्या संपल्यावर त्याने मान वर केली, ओठांवरून पाणी ठिबकत असताना तो थोडा वेळ नुसता उभा राहिला, आणि मग आणखी दोन बादल्या प्यायला. एकशे पाच लिटर झाले. तेवढ्या वेळात त्याची खपाटीला गेलेली कूस माझ्या डोळ्यांदेखत भरून आली. म्हातारबाबा म्हणाले, "मालक, आज चौथा दिवस होता."

त्यानंतर मी या प्राण्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. तिलाच आपल्याकडे कोणी वशिंडही म्हणतात. भरल्या अंगाच्या उंटाच्या मदारीत तीस-पस्तीस किलोपर्यंत चरबी साठू शकते, आणि उपासमार झाली की मदार खंगून एका बाजूला कलते. एकमदारी उंट हा उष्ण वाळवंटांतला प्राणी आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी अरबस्तानात माणसाने त्याला माणसाळवले आणि त्याचे मूळ रानटी भाईबंद आता जगात कोठेही उरलेले नाहीत. लडाखच्या नुब्रा खोऱ्यातील दोन मदारींचे उंट वेगळे, ते थंड प्रदेशातले आहेत.

माझा प्रश्न असा आहे की, आपल्या सोलापूरच्या हवेत हा प्राणी आणला जातो तेव्हा त्याला नेमका कशाचा त्रास होतो? ऊन तर तो सोसतो. जाणकारांनी सविस्तर लिहावे.


विडी_घरकुल

धागा आवडला. एक शंका आहे. चरबी शरीरात जळली की तिच्यापासून पाणी तयार होते, हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. मग मदारीत चरबी आहे म्हणजे एका अर्थाने पाणीच आहे, असे म्हणता येणार नाही का?


सीनाकाठ

आपली शंका रास्त आहे. मलाही तीच आली होती. एक किलो चरबी जळाली की एक लिटरहून किंचित अधिक पाणी तयार होते, हे खरे आहे. पण चरबी जाळायला प्राणवायू लागतो, प्राणवायूसाठी श्वास घ्यावा लागतो, आणि कोरड्या हवेतल्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर फुप्फुसातील ओलावा बाहेर जातो. हा जमाखर्च मांडला तर हाती शिल्लक राहत नाही. मदार ही शिदोरी आहे, पखाल नव्हे.

तिचा दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या किंवा म्हशीच्या अंगात चरबीचा थर कातडीखाली पसरलेला असतो आणि तो उष्णता आत कोंडून धरतो. उंटाने ती चरबी पाठीवर एका ठिकाणी गोळा केल्यामुळे उरलेल्या अंगातून उष्णता सहज बाहेर पडू शकते.

पाण्याच्या साठ्याची समजूत कशी मोडली तेही सांगतो. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये अल्जीरियातील बेनी अब्बेस या सहारातील गावी राहून उंटांची प्रत्यक्ष मोजमापे घेतली. उंट पाणी साठवत नाही, तर पाणी खर्चच कमी करतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या तहानलेल्या उंटांपैकी एकाने दहा मिनिटांच्या आत शंभर लिटरांहून अधिक पाणी प्यायल्याची नोंद आहे. आमच्या हौदावरचे सात बादल्यांचे दृश्य पाहिलेले असल्यामुळे मला तो आकडा मुळीच अतिशयोक्त वाटला नाही.


पशुसेवक_बार्शी

मी पशुवैद्यक आहे आणि जत्रांच्या दिवसांत उंट तपासण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येण्यापूर्वी उंट उष्णता कशी सोसतो, हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावरून पुढचे कळते.

नीट पाणी मिळणाऱ्या उंटाचे तापमान दिवसभरात दोनेक अंशांनीच वरखाली होते. पाणी बंद झाले की मात्र तो आपले अंग तापू देतो. पहाटे त्याचे तापमान ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ते चाळिशीच्या पुढे जाते. पाचशे किलोच्या उंटाने सहा अंशांची ही चढ घामावाटे न घालवता अंगात राहू दिली तर दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी वाचते. साठवलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत आपोआप निघून जाते. शिवाय अंग तापलेले असल्यामुळे बाहेरच्या हवेतील आणि त्याच्यातील अंतर कमी होते, म्हणजे बाहेरून आत येणारी उष्णताही कमी होते.

सुरुवातीच्या काळातला माझा एक अनुभव आहे. एका दुपारी उंटाचा ताप पाहिला तर थर्मामीटरवर ४० च्या वर आकडा होता. मी इंजेक्शन भरायला घेतले, तेवढ्यात उंटवाल्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, सकाळी बघाल का?" त्याला शास्त्रातले शब्द ठाऊक नव्हते, पण आपले जनावर ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच उंटाचे तापमान ३५ अंश भरले. तेव्हापासून उंट आला की मी आधी विचारतो, याने शेवटचे पाणी कधी प्यायले? त्या उत्तराशिवाय थर्मामीटरच्या आकड्याला अर्थ नाही.

रक्ताची गोष्टही अशीच आहे. उन्हात पाण्याअभावी माणसाचे वजन दहा-बारा टक्क्यांनी घटले की रक्त दाट होते, हृदयाला ते फिरवता येत नाही आणि माणूस दगावतो. उंटाचे वजन पाण्याअभावी पाव हिश्श्याने घटले तरी तो चालत राहतो, कारण तो रक्तातील पाणी शेवटपर्यंत राखतो आणि इतर ठिकाणचे खर्च करतो. त्याच्या तांबड्या पेशी आपल्यासारख्या गोल नसून लांबट असतात, आणि एकदम शंभर लिटर पाणी आत आले तरी त्या फुटत नाहीत. मूळ आकारमानाच्या दुपटीहून अधिक फुगण्याची त्यांची क्षमता असते. दुसरे जनावर इतके तहानलेले असताना एका दमात इतके पाणी प्यायले तर त्याच्या जिवावर बेतेल.

पण पाव हिस्सा वजन घटूनही जगतो, याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नव्हे. तो शरीरावर घेतलेला भार असतो. तहानलेला उंट चारा कमी खातो, आणि कामावरच्या जनावराला उन्हाळ्यात रोज पाणी दाखवलेच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. सोलापूरच्या उन्हाने उंट मेल्याचे मी पाहिलेले नाही. त्याला सोसत नाही तो आपला पावसाळा. त्याच्या पायाला खूर नसतात. दोन बोटांखाली रुंद, मऊ गादी असते. ती वाळूवर पसरते आणि वजन वाटून घेते, पण आपल्या ओल्या काळ्या मातीत ती धरच घेत नाही. पुढचे किंवा मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकतात, जनावर बसकण मारते, आणि खुब्याला किंवा मांडीच्या हाडाला इजा झाली तर ते पुन्हा उठेल याची खात्री नसते. जूनचा पहिला पाऊस झाल्यावर रानातून उंट नेऊच नये, असे मी प्रत्येक उंटवाल्याला सांगतो.

दुसरी गोष्ट गोमाश्यांची. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्या वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा नावाचा रोग पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात या रोगाचा परजीवी शोधला, आणि त्यांच्याच नावावरून त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतात. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मदार हळूहळू खंगते. गाभण सांडणीचा, म्हणजे उंटिणीचा, गर्भ पडतो. उंटांमध्ये हा रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो, म्हणून उत्तरेकडे त्याला तिबरसाही म्हणतात. उपचार आहेत, पण रक्त वेळेवर तपासले तरच. दमट हवेत खरूजही झपाट्याने पसरते.

म्हणून पाऊस, चिखल आणि माशी, असे माझे उत्तर आहे.


अक्कलकोटची_लेक

डॉक्टरसाहेबांनी मांडलेली माहिती फार मोलाची आहे. उंटाच्या नाकाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालते. त्याच्या नाकाच्या आत वळ्यावळ्यांचे मोठे पृष्ठभाग असतात. रात्रीच्या वेळी बाहेर जाणारा श्वास तेथे गार होतो आणि त्यातील बराचसा ओलावा नाकातच परत राखला जातो. वावटळीत तो नाकपुड्या मिटूनही घेतो. पापण्यांच्या लांब केसांच्या दोन ओळी तर कोणालाही जवळून दिसतात. लघवी अगदी थोडी आणि दाट असते, आणि लेंडी इतकी कोरडी की ती लगेच जळते.


सीनाकाठ

लेंडीचे आपण लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बांधावर गेलो, तेव्हा त्या कुटुंबातील बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करीत होत्या आणि जळणात रात्रीच्याच लेंड्या होत्या. आपल्याकडे शेणाच्या गोवऱ्या थापून दिवसेंदिवस वाळवाव्या लागतात. तेथे धूर देखील फारसा नव्हता.


बखरवाचक

उंट आपल्याकडे केवळ जत्रेपुरता आला, असा समज होऊ नये म्हणून लिहितो. शिवकाळातील अठरा कारखान्यांत उष्ट्रखान्याची गणना होते. तातडीची पत्रे नेणारे सांडणीस्वार मराठेशाहीत सर्वत्र आढळतात. सांडणी म्हणजे उंटीण, आणि लांब पल्ल्याच्या वेगवान दौडीसाठी तिला पसंती असे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीच्या फौजेने उंटांच्या पाठीवरील जंबुरके, म्हणजे फिरत्या हलक्या तोफा, वापरल्या आणि मराठ्यांची त्यात मोठी हानी झाली. शब्दही भाषेत मुरले आहेत. उंटावरचा शहाणा खाली न उतरता सल्ला देतो आणि रांजणात अडकलेल्या वासराचे डोके कापायला लावतो, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे.

डॉक्टरांनी पावसाळ्याविषयी लिहिलेले वाचून मला आपल्याच जिल्ह्यातील इतिहास आठवला. औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ या काळात माचणूरजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीस होती. पुढे सातारा आणि परळी (सज्जनगड) यांचे वेढे आटोपून ही अफाट छावणी १७०० च्या पावसाळ्यात हलली, तेव्हा भरलेल्या नद्या आणि चिखल यांत वाहतुकीची जनावरे मोठ्या संख्येने मेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी सांगोल्याकडच्या खवासपूर येथे माण नदीला रात्री अचानक पूर आला, छावणी वाहून गेली आणि धावपळीत खुद्द बादशहाच्या गुडघ्याला कायमची दुखापत झाली. बैल, घोडी आणि उंट यांच्या पाठीवर जगणारी फौज दख्खनच्या पावसापुढे कशी अगतिक होते, याचे हे उदाहरण आहे.


विडी_घरकुल

आम्ही दर जानेवारीत मुलांना गड्ड्याच्या यात्रेला नेतो आणि तेथे उंटावर बसवण्याचा त्यांचा हट्ट असतो. ते सुरक्षित आहे का?


पशुसेवक_बार्शी

हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार मानतो, कारण याची जाणीव फार थोड्या पालकांना असते. उंटाच्या माजाचा हंगाम थंडीतच असतो, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा नेमकी त्याच दिवसांत येते. माजावर आलेला नर एरवी कितीही गरीब असला तरी त्या काळात चावू शकतो, आणि त्याचा चावा हाड मोडणारा असतो.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाशी, काळपट आणि उग्र वासाचा स्राव पाझरलेला दिसतो. तोंडाला फेस येतो, दात खाण्याचा आवाज येतो. घशातून गुडगुड आवाज काढत तो तोंडाच्या एका बाजूने फुग्यासारखी गुलाबी पिशवी बाहेर काढतो. ती जीभ नव्हे, टाळूचा मऊ भाग असतो; लोक घाबरतात किंवा जनावर आजारी आहे असे समजतात. यांपैकी एकही खूण दिसली तर मुलांना जवळ नेऊ नका. सांडणी किंवा खच्ची केलेला नर असेल आणि उंटवाला दोरी स्वतःच्या हातात धरून चालत असेल, तर मुलाला बसवायला हरकत नाही. मात्र उठताना उंट मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो; मुलाने त्या क्षणी घट्ट धरलेले असले पाहिजे. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो, म्हणून अंग हेलकावते.


थरमधला_सोलापूरकर

मूळचा सोलापूरचा, नोकरीनिमित्त अनेक वर्षे बिकानेरला आहे. येथे १९८४ पासून राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे आणि बिकानेरी, जैसलमेरी, मेवाडी, कच्छी अशा जातींवर तेथे काम चालते. कच्छच्या किनाऱ्यावरची खाराई ही जात तर समुद्राच्या खाडीत पोहत जाऊन तिवरांचा पाला खाते, म्हणजे उंटाचे पाण्याशी वैर आहे असेही सरसकट म्हणता येणार नाही. जात आणि सवय यांवर पुष्कळ अवलंबून असते.

माझी काळजी वेगळी आहे. २०१२ च्या पशुगणनेत भारतात सुमारे चार लाख उंट होते, २०१९ मध्ये ते अडीच लाख उरले. सात वर्षांत सदतीस टक्के घट झाली, आणि उरलेल्यांतील बहुतेक एकट्या राजस्थानात आहेत. ट्रॅक्टर आला, जीप आली, चराऊ कुरणे गेली. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्य प्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये कत्तल आणि राज्याबाहेर नेणे यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू चांगला होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या राइका लोकांचे उत्पन्न नर उंट विकण्यावर चालत असे, आणि परराज्यातले गिऱ्हाईक तुटल्यावर पुष्करच्या बाजारात भाव कोसळले. ज्याला जनावर विकता येत नाही तो ते किती दिवस पोसणार, हा त्यांचा प्रश्न मी अनेकदा समोरासमोर ऐकला आहे आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याचे पडसाद उमटले. २०२३ च्या मे महिन्यात नाशिकच्या पांजरपोळात शंभराहून अधिक उंट आणून ठेवावे लागले होते. लांबच्या चालीने थकलेल्या त्या जनावरांपैकी काही मेली, आणि उरलेल्यांना न्यायला राजस्थानातून राइकाच आले. ज्यांना उंट कळतो त्यांनाच शेवटी बोलवावे लागले.


अक्कलकोटची_लेक

दुधापासून त्या लोकांना उत्पन्न मिळू शकणार नाही का?


थरमधला_सोलापूरकर

मिळू शकते, आणि आशा आहे ती तेथेच. उंटिणीच्या दुधाची मानके देशात २०१६ मध्ये ठरली आणि २०१९ पासून गुजरातमधील अमूलने ते बाटलीत आणले. चव किंचित खारट असते. त्याचे दही आपल्या दह्यासारखे घट्ट लागत नाही, कारण प्रथिनांची रचना वेगळी आहे. पण चहा उत्तम होतो, आणि राइकांच्या डेऱ्यावर गेल्यावर तोच मिळतो. अडचण वेळेची आहे. सांडणीचा गर्भकाळ सुमारे तेरा महिन्यांचा असतो, एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन वेतांत दोन वर्षे सहज जातात. कळप एकदा मोडला की तो पुन्हा उभा राहायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.


सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचल्यावर मी म्हातारबाबांच्या त्या वेळच्या घाईचा अर्थ लावू शकलो. दुसऱ्या दिवशी थांबा, असा आग्रह मी केला होता. पण मृगापूर्वी काळी रानं ओलांडून मुरमाड वाटेला लागायचे आहे, असे ते म्हणाले होते. तेव्हा मला वाटले की ते संकोचाने नाही म्हणत आहेत.

निघण्यापूर्वी त्यांनी बांधावरची वेडी बाभूळ आणि निंब उंटांना खाऊ देण्याची परवानगी मागितली. बोटभर लांब काट्यांमधून तो दुभंगलेला ओठ एकेक पान वेचत होता, आणि एका झाडाचा शेंडा खाऊन उंट पुढच्या झाडाकडे सरकत होता. जागेवरचे सगळे झाड ओरबाडलेले मला एकही दिसले नाही.

या उन्हाळ्यात रस्त्याच्या बाजूला मी वेगळा हौद बांधून घेतला आहे. गवंड्याने गुरांच्या मापाने काठ कमरेएवढा ठेवला. उंटाची मान खाली सहज पोहोचते, त्यामुळे मेंढ्यांना पोहोचावे म्हणून एक बाजू मुद्दाम गुडघ्याएवढी उतरवली. जवळपास पाचशे लिटर पाणी बसते. तिऱ्ह्याच्या पुलाअलीकडे डाव्या हाताला निंबाची तीन झाडे आहेत, तेथून आत वळायचे. उंट, मेंढ्या, काहीही घेऊन जाणारे कोणी आपल्याला वाटेत भेटले तर त्यांना ही खूण सांगावी. विचारायला थांबण्याची गरज नाही, फाटक उघडेच असते.